गुडघेदुखी : विश्रांतीपेक्षा बळ बरे

चातुर्मासात उपाश्रयात किंवा स्थानकात भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्या सर्वांत आधी भरतात. जी श्राविका वर्षानुवर्षे कटासणावर बसून सामायिक करीत आली, ती एका वर्षी खुर्ची मागते. पुढच्या वर्षी व्याख्यानाला येणे टाळते. आणि त्यानंतर जिना उतरायला नको म्हणून घरातच बसते. घरची मंडळी प्रेमाने सांगतात, "गुडघे झिजले आहेत, आता जपून राहा." हा सल्ला मायेचा असला तरी हिताचा नाही. दुखऱ्या गुडघ्याचे खरे नुकसान चालण्यापेक्षा बसून राहण्याने अधिक होते.

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता यांमुळे ते विरळ होत जाते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्याच्या हालचालीबरोबर आतील द्रव तिच्यात झिरपतो आणि त्यातूनच तिचे पोषण होते. हालचाल थांबली की हे पोषण मंदावते, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि त्यांनी पेलायचा भारही सांध्यावर येतो. मग वेदना वाढते, वेदनेमुळे हालचाल आणखी घटते. हे चक्र तोडणे हाच शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचाराचा गाभा होय. क्ष-किरण चित्रात दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. म्हणून केवळ चित्र पाहून धीर सोडू नये.

मांडीचे बळ

व्यायाम हा या दुखण्यावरील पहिला उपचार आहे, हे जगभरातील वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे एकमुखाने सांगतात. तीन साधे व्यायाम घरी करता येतात. पहिला : पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबावी व पाच सेकंद थांबावे. दुसरा : उताणे झोपून एक गुडघा दुमडावा व दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. तिसरा : खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करावा व सावकाश खाली आणावा. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोनदा करावा. व्यायामानंतर थोडे दुखले व दुसऱ्या दिवसापर्यंत ते ओसरले, तर काळजीचे कारण नाही; सूज आली किंवा वेदना टिकली, तर प्रमाण कमी करावे. सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घेणे उत्तम. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून दिलेल्या व्यायामाला निष्फळ म्हणता येत नाही.

वजन आणि ताट

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार शरीराचे वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो. म्हणजे पाच किलो वजन उतरले, तर दर पावलाला वीस किलोंची सूट मिळते. पेढीवर दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याने हा हिशेब अवश्य मांडावा.

तपश्चर्येने वजन उतरते खरे. परंतु चरबीबरोबर स्नायूही घटतात आणि पारण्यानंतरच्या तुपातल्या पक्वान्नांनी चरबी तेवढी परत येते. तप हे आत्मशुद्धीसाठी असते, त्याला वजन घटवण्याचे साधन करू नये. एरवीच्या आहारात मूग, मटकी, चवळी, डाळी, दूध व पनीर यांचे प्रमाण वाढवून फरसाण, मिठाई व साखर कमी करावी. विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कडधान्ये एका वेळी आणि दही-ताक दुसऱ्या वेळी घ्यावे. शाकाहारी व्यक्तीने ड आणि बी-१२ या जीवनसत्त्वांची तपासणीही करून घ्यावी. त्यांच्या उणिवेने येणारा थकवा व अंगदुखी गुडघ्यांच्या नावावर खपून जाते.

औषध, उपवास आणि अहिंसा

वेदनाशामकांत प्रथम स्थान गुडघ्यावर लावायच्या जेलला द्यावे. डायक्लोफेनॅकसारखे औषध त्वचेवाटे दिले असता पोटावर व मूत्रपिंडावर होणारा दुष्परिणाम बराच कमी असतो. त्याच वर्गातील गोळ्या मात्र उपाशीपोटी घेऊ नयेत. पर्युषणात विशेष सावध राहावे. अठ्ठाईत किंवा चौविहार उपवासात शरीरातील पाणी घटलेले असते. अशा वेळी घेतलेली गोळी जठरात व्रण व मूत्रपिंडाला इजा करू शकते. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील, तर धोका अधिक. पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे व गुरुमहाराजांनाही आपली प्रकृती सांगावी. पच्चक्खाणात समाधी टिकवण्यासाठी औषधाचा आगार शास्त्रकारांनी ठेवलेला आहे.

दुसरा प्रश्न अहिंसेचा. सांध्यांसाठी विकले जाणारे ग्लुकोसामीन बहुधा खेकडे व कोळंबी यांच्या कवचांपासून तयार होते. कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेपासून आणि कोलाजेन प्राण्यांची कातडी, हाडे किंवा मासे यांपासून काढतात. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते. गुडघ्यात टोचले जाणारे हायलुरोनिक आम्ल काही प्रकारांत कोंबड्याच्या तुऱ्यापासून, तर काहींत जिवाणूंच्या साहाय्याने बनते. आहारपूरकाच्या डबीवर हिरवी खूण पाहता येते, औषधाच्या वेष्टनावर ती असेलच असे नाही. म्हणून उगम विचारूनच घ्यावे. त्यातही ग्लुकोसामीन व कॉन्ड्रॉइटिन यांच्यावर अमेरिकेत झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एकंदर रुग्णांना निष्क्रिय गोळीपेक्षा विशेष लाभ दिसला नाही. ज्या वस्तूचा उगम संशयास्पद आणि गुण अनिश्चित, तिच्यावर दरमहा पैसा का घालावा?

गुडघ्यात दिलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. मात्र २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ती घेणाऱ्यांची कूर्चा अधिक घटलेली आढळली आणि वेदनेत फारसा फरक नव्हता. मधुमेही व्यक्तीची साखरही त्यानंतर काही दिवस वाढते.

क्रिया आणि यात्रा

खुर्चीवर बसून सामायिक करण्यात कमीपणा नाही. सामायिकाच्या ४८ मिनिटांत पाय एकाच स्थितीत आखडून ठेवू नयेत. अधूनमधून ते जयणापूर्वक सरळ करावेत. झेपत असेल, तर काउसग्ग उभ्याने करावा. खमासमणे देताना भिंतीचा आधार घ्यावा किंवा गुरुमहाराजांच्या अनुमतीने बसल्या जागी मस्तक नमवावे. दुकानातही अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे आणि जमल्यास गादीऐवजी उंच बैठक घ्यावी.

काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. शत्रुंजयाच्या ३,५०० हून अधिक पायऱ्या किंवा सम्मेदशिखराची २७ किलोमीटरची वंदना मनात असेल, तर किमान तीन महिने आधी व्यायाम सुरू करावा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांची परीक्षा मोठी असते; म्हणून चढून जाता आले, तरी उतरताना डोली घेण्यात संकोच करू नये.

गुडघा लाल व गरम होऊन ताप येणे, पडल्यानंतर पाय टेकता न येणे, गुडघा अडकून बसणे, किंवा अनेक सांधे सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ ताठ राहणे, ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. सर्व उपाय नेटाने करूनही झोप मोडत असेल व घरातल्या घरात चालणे कठीण होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. तेव्हाही आधी कमावलेले मांडीचे बळच लवकर उभे राहण्यास उपयोगी पडते.

घरातील ज्येष्ठांना "बसून राहा" असे सांगण्याऐवजी मुला-सुनांनी रोज सकाळी दहा मिनिटे त्यांच्यासोबत व्यायामाला बसावे. मंदिराचा उंबरठा त्यांना स्वतःच्या पायांनी ओलांडता यावा, यासाठी केलेली ही वैयावच्चच आहे.