लिलावात नाव लागलं म्हणजे दर मॅचला गोल नव्हे. हॉकीच्या फॉरवर्ड पोरींकडून नेमकी अपेक्षा काय धरायची?

गावातली पोरगी लीगमध्ये घेतली गेली की पहिल्यांदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आकडा फिरतो. किती लाखाला गेली? दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, सत्कार होतो, नारळ-शाल होते. आणि महिन्याभरात, मॅच सुरू झाल्या की, त्याच ग्रुपवर दुसरा प्रश्न येतो: "काय ओ, अजून एक पण गोल नाही मारला व्हय?"

हा प्रश्न आता सातारा जिल्ह्यात वरचेवर ऐकू येणार, कारण हॉकीत आपला जिल्हा चांगलाच पुढं आलाय. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे आणि सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा पिसाळ, तिघीही भारताच्या जर्सीपर्यंत पोचल्या. यातली ऋतुजा फॉरवर्ड, म्हणजे आघाडीला खेळणारी. म्हणून गोलाचा हिशोब सगळ्यात जास्त तिच्या नावावर मांडला जातो.

तिची सुरुवातच अशी झाली की अपेक्षा आभाळाला टेकाव्यात. 26 जानेवारी 2025 ला रांचीत पहिल्या महिला हॉकी इंडिया लीगची फायनल झाली. ओडिशा वॉरियर्सनं सूरमा हॉकी क्लबला 2-1 नं हरवलं आणि ओडिशाचे दोन्ही गोल ऋतुजाचे होते. त्याच वर्षी ती सीनियर भारतीय संघात आली. सप्टेंबरमध्ये चीनच्या हांगझोऊला आशिया कप झाला, तिथं जपानविरुद्धच्या 2-2 च्या बरोबरीत भारताचा पहिला गोल तिचाच. फायनलला चीननं भारताला 4-1 नं हरवलं आणि रौप्यपदकावर समाधान मानावं लागलं.

आता इथंच थांबून विचार करायला पाहिजे. फायनलला दोन गोल मारले म्हणून दर मॅचला दोन होतील, असं हॉकीत नसतं. वंदना कटारिया ही भारताची मोठी फॉरवर्ड. टोकियो ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिनं हॅटट्रिक मारली होती. 2025 साली ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर 320 सामने आणि 158 गोल होते. सरासरी काढा: दोन मॅचला एक गोल. म्हणजे एवढ्या मोठ्या खेळाडूच्याही निम्म्याहून जास्त मॅच गोलाविना गेल्या. नव्या पोरीला पहिल्या पाच मॅचमध्ये गोल नाही आला तर त्यात आश्चर्य ते काय?

टीव्हीवर बघताना फॉरवर्डचं निम्मं काम दिसतच नाही. हॉकीत गोल धरला जायचा तर चेंडू 'डी'च्या आत आपल्या खेळाडूच्या स्टिकला लागावा लागतो. डीच्या बाहेरून कितीही जोरात हाणला आणि मध्ये कुणाची स्टिक लागली नाही, तर त्याचा उपयोग नाही. त्यामुळं सगळी गर्दी त्या अर्धगोलात होते. समोर गोलकीपर, आजूबाजूला तीन-चार डिफेंडर, आणि फॉरवर्डची पाठ बऱ्याचदा गोलपोस्टकडं. मागून आलेला पास तसाच अडवायचा, क्षणात वळायचं, नाहीतर चेंडू समोरच्या डिफेंडरच्या पायाला लागून पेनल्टी कॉर्नर मिळेल असं बघायचं. कॉर्नरवर गोल दुसरीच मारते, स्कोअरबोर्डला नाव तिचं येतं. कॉर्नर मिळवून देणारीचं नाव गावातल्या ग्रुपवर कुणी टाकत नाही.

दुसरं काम त्याहून घाम काढणारं. चेंडू समोरच्या टीमकडं गेला की पहिली अडवणूक फॉरवर्डनंच करायची. याला 'प्रेस' म्हणतात. नुसतं चेंडूमागं पळायचं नसतं. समोरच्या डिफेंडरला पास द्यायची चांगली वाट बंद करायची आणि तिला नको त्या बाजूला ढकलायचं. मॅच 15-15 मिनिटांच्या चार क्वार्टरची असते आणि बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. म्हणून फॉरवर्ड सलग खेळत नाहीत. काही मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं, दम खाऊन परत आत. "आमच्या पोरीला सारखं बाहेर का काढतात?" असं घरच्यांना वाटतं. तिला बाहेर काढणं ही शिक्षा नसते, खेळच तसा आहे.

जागेचंही असंच. घरी सांगितलेलं असतं की पोरगी सेंटर फॉरवर्ड आहे. कॅम्पला गेल्यावर कोच तिला उजव्या कडेला टाकतो, नाहीतर मागं मिडफिल्डला ओढतो. लगेच कुजबुज सुरू, की जागा गेली, वशिला कमी पडला. पण लालरेमसियामी आणि शर्मिला देवी बघा. टोकियो ऑलिंपिकला दोघी फॉरवर्ड होत्या आणि 2025 च्या आशिया कपच्या संघात दोघींची नावं मिडफिल्डर म्हणून होती. दोन जागा खेळता आल्या म्हणूनच त्या टिकल्या. अठरा-वीस वर्षांच्या पोरीनं एकाच जागेचा हट्ट धरला, तर त्या जागेवर तिच्यापेक्षा भारी कोणी आली की सरळ घरी.

मैदानाचा फरक तर आहेच. आपल्याकडं शाळेच्या मातीच्या मैदानावर चेंडू उडतो, अडखळतो. त्यामुळं पोरी खाली बघून चेंडू स्टिकला चिकटवून ठेवायला शिकतात. पाणी मारलेल्या टर्फवर तोच चेंडू सुसाट येतो. तिथं मान वर करून खेळावं लागतं. आपल्या जिल्ह्यातली पोरगी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर पहिले काही महिने चाचपडते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता पैशाचं. आयपीएलचे कोटी डोक्यात ठेवून हॉकीकडं बघू नका. ऑक्टोबर 2024 च्या लिलावात महिलांच्या प्रत्येक टीमला खर्चायला 2 कोटी होते आणि त्यात 24 खेळाडू बसवायच्या होत्या, म्हणजे सरासरी सव्वाआठ लाखाच्या आसपास. सगळ्यात महागडी ठरली उदिता, 32 लाख. मूळ किंमत मात्र 2 लाख, 5 लाख आणि 10 लाख अशी होती. दोन-चार मोठ्या नावांवर टीमचा निम्माअधिक पैसा गेला की बाकीच्या पोरींच्या वाट्याला किती येत असेल, हा हिशोब उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या माणसाला वेगळा सांगायला नको.

आणि हा पैसा कायमचा धरून चालायचं नाही. पुरुषांची लीग 2017 नंतर सात वर्षं बंदच होती. महिलांच्या लीगमध्ये तर पहिल्याच वर्षी जिंकलेली ओडिशा वॉरियर्स दुसऱ्या हंगामात नव्हती, तिच्या जागी रांची रॉयल्स आली. चॅम्पियन टीमच राहिली नाही, मग करारावर सही केली म्हणून घराच्या कर्जाचा हप्ता ठरवणं किती शहाणपणाचं? लीग चालते जेमतेम दोन-तीन आठवडे. उरलेलं वर्ष कॅम्प, राष्ट्रीय स्पर्धा आणि दुखापत झालीच तर घर.

म्हणून खरी धडपड नोकरीची असते. रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या खेळाडूंना घेतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून कागद बारकाईनं तपासले जातात. शालेय स्पर्धेपासूनची प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत जपून ठेवा. सत्काराचे फोटो पेटीत वर आणि प्रमाणपत्रं तळाला, असं बऱ्याच घरांत झालेलं आहे.

पुढच्या वेळी मॅच लागली की स्कोअर बघायच्या आधी एवढं मोजून बघा: आपल्या पोरीनं डीमध्ये किती वेळा चेंडू घेतला, किती कॉर्नर मिळवून दिले, आणि चेंडू गेल्यावर ती मागं किती पळाली. संघ निवडणारेही हेच बघतात.