संवत १९९९, श्रावण वद ५

वाशी रेल्वे स्थानकाच्या माथ्यावर इंटरनॅशनल इन्फोटेक पार्कची इमारत आहे आणि तेथून थोड्याच अंतरावर कृषी उत्पन्न बाजार समितीचे मसाला मार्केट व दाणा बंदर. स्थानकावरच्या मजल्यांवर दिवसभर तारखा संगणकाच्या पडद्यावर उमटतात. बाजारातील जुन्या पेढ्यांवर त्या दिवाळीत पूजल्या जाणाऱ्या वहीत मितीने लिहिल्या जात. मशीद बंदरच्या पेठेतून व्यापारी मंडळी वाशीला आली, तेव्हा तागड्या-तिजोऱ्यांबरोबर या वह्याही आल्या. कोणा कुटुंबाच्या वहीच्या अखेरच्या पानांवर जन्म, मृत्यू, लग्न, एखाद्या वर्षीतपाचे पारणे अशा नोंदी सापडतात. आता त्याच घरातील नातू समाजाचे वस्तीपत्रक संगणकावर चढवू लागले आहेत, आणि नेमके येथेच एक जुने कोडे नव्या रूपाने उभे राहते.

समजा, अशा एका पानावर एका कन्येच्या जन्माची नोंद आहे: ‘संवत १९९९, श्रावण वद ५, सकाळी ९॥ वाजता.’ लिहिणाऱ्याच्या मनात यात तिळमात्र संदिग्धता नव्हती. वाचणाऱ्याच्या पुढे मात्र चार दारे उघडतात.

पहिले दार ‘॥’ या चिन्हाचे. जुन्या हिशेबी लेखनात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून ‘९॥’ म्हणजे साडेनऊ. संगणकाच्या लेखी मात्र ‘॥’ हा श्लोक संपल्याची खूण असलेला दुहेरी दंड आहे; तो त्याला विरामचिन्ह समजून टाकून देतो आणि अर्धा तास निमूटपणे गळून पडतो. तक्रार नाही, इशारा नाही. लिहिलेल्या अक्षरांतून तारीख-वेळ ओळखून काढण्याला प्रोग्रामर ‘पार्सिंग’ म्हणतात आणि साठवलेली तारीख डोळ्यांना रुचेल अशा रूपात मांडण्याला ‘फॉरमॅटिंग’. दुसरे काम सोपे आहे. सारी फसगत पहिल्यात होते, कारण चुकीचे वाचनही तारखेसारखेच दिसते.

दुसरे दार अधिक मोठे आहे. गुजरात आणि महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. मारवाड आणि उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षाची नावे सर्वत्र जुळतात, वद्य पक्षाची एका महिन्याने सरकतात. भगवान महावीरांचे निर्वाण गुजराती व मराठी घरांत आश्विन अमावास्येला आणि मारवाडी घरांत कार्तिक अमावास्येला सांगितले जाते; रात्र तीच, दीपही तेच. शिवाय विक्रम संवताचे वर्ष गुजरातीत कार्तिक सुद प्रतिपदेला पालटते आणि मारवाडात चैत्र सुद प्रतिपदेला. कच्छी मंडळींचे नवे वर्ष तर आषाढी बीजेला. म्हणजे १९४३ च्या पावसाळ्यात एकाच गल्लीतील गुजराती पेढीवर संवत १९९९ चालू होते, तर मारवाडी पेढीवर २००० लागले होते. शालिवाहन शके १८६५ आणि वीर निर्वाण संवत २४६९ हे आकडे त्याच दिवसांचे.

आता वरची नोंद पुन्हा वाचावी. लिहिणारा गुजराती असेल, तर ही तिथी १९४३ च्या ऑगस्टमध्ये, विसाव्या तारखेच्या आसपास येते. मारवाडी असेल, तर ती १९४२ च्या जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर जाते. अंतर एक वर्ष आणि जवळजवळ तीन आठवडे. अक्षर न अक्षर सारखे असूनही दोन वेगळ्या मुलींचे जन्म लिहिलेले असावेत, इतका हा फरक आहे.

इंग्रजी तारखेत असले काही होत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. ०५/०८/१९४३ ही तारीख वाशीतील मुलाला ५ ऑगस्ट वाटते आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या त्याच्या चुलतबहिणीच्या संगणकाला ८ मे. वस्तीपत्रकाची यादी अमेरिकन मांडणी असलेल्या एक्सेलमध्ये उघडली, की १३/०८ सारखी नोंद अडखळते. तेरावा महिना नसल्यामुळे ती केवळ मजकूर म्हणून पडून राहते आणि निदान नजरेत भरते. बारा तारखेपर्यंतच्या नोंदी मात्र गुपचूप उलट्या होतात. ज्यांत दिवस आणि महिन्याचा आकडा एकच, अशा बारा तारखा वगळल्या, तर वर्षातील १३२ दिवस असे आहेत की त्यांवर जन्मलेल्यांची तारीख बदलेल आणि कोणाला कळणारही नाही. वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची सवय असेल, तर त्याहून गंमत: एक्सेल आपल्या नेहमीच्या नियमाने ०० ते २९ हे आकडे एकविसाव्या शतकात टाकते. १९२८ साली जन्मलेल्या पणजीचा जन्म मग अजून व्हायचा असतो.

या बाबतीत शास्त्रज्ञही सुटले नाहीत. मानवी जनुकांपैकी काहींची लघुनावे सप्टेंबर किंवा मार्च या महिन्यांच्या इंग्रजी लघुरूपांसारखी दिसत. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. अखेर २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. यंत्राला समजावण्यापेक्षा जनुकाचे बारसे पुन्हा करणे सोपे ठरले.

तिसरे दार घड्याळाचे, आणि मुंबईकरांसाठी ते खास आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईने ती सहजी मानली नाही. शहराची स्वतःची ‘मुंबई वेळ’ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि शहरात काही ठिकाणी ती थेट १९५५ पर्यंत पाळली जात असे. त्यात दुसरे महायुद्ध आले. युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे केली गेली. १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ही ‘युद्धवेळ’ अखंड चालली. त्याआधी १९४१ च्या ऑक्टोबरपासून १९४२ च्या मेच्या मध्यापर्यंत तिचा एक फेरा होऊन गेला होता.

मग आपल्या नोंदीतील साडेनऊ कोणते? तिथी १९४३ ची आणि घड्याळ युद्धवेळेचे असेल, तर आजच्या हिशेबाने ते साडेआठ होतात. तिथी १९४२ ची असेल, तर ती नेमकी दोन फेऱ्यांच्या मधल्या साध्या काळात पडते आणि साडेनऊचे साडेनऊच राहतात. आणि घरात मुंबई वेळेचे घड्याळ लटकत असेल, तर दोन्ही वर्षी ते दहा वाजून नऊ मिनिटे. पत्रिका पाहणाऱ्या घरांना या तास-दीड तासाचे मोल सांगावे लागत नाही. लग्नराशी साधारण दोन तासांनी पालटते.

जगातील बहुतेक संगणक व फोन ज्या एका सामायिक सूचीवरून वेळेचा इतिहास वाचतात, तिच्यात भारताची युद्धवेळ नोंदलेली आहे. पूर्वी ‘एशिया/कॅलकटा’ आणि आता ‘एशिया/कोलकाता’ या एकाच नावाखाली संपूर्ण देश येतो. मुंबई वेळेला तेथे वेगळी जागा नाही. ही सूची ऑर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली आणि पॉल एगर्ट यांनी पुढे सांभाळली. २०११ साली ज्योतिषाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने या दोघांवर खटला भरला. जुन्या वेळांची माहिती आपण प्रसिद्ध केलेल्या कोशातून घेतली, असा तिचा आक्षेप होता. पुढच्याच वर्षी तो मागे घेण्यात आला. जन्मवेळेची काळजी ज्योतिषी आणि प्रोग्रामर या दोघांना सारखीच असते, हे त्या निमित्ताने जगाला कळले.

या सूचीमुळे एक नवाच घोटाळाही होतो. पुष्कळ प्रोग्राम जन्मतारीख हा दिवस न मानता त्या दिवशीच्या मध्यरात्रीचा क्षण मानतात आणि तो क्षण जागतिक वेळेत साठवतात. भारतातील मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेचे आदल्या दिवशीचे साडेसहा. पुढच्या प्रोग्रामने वेळ झटकून फक्त तारीख उचलली, की माणूस एक दिवस आधी जन्मतो. त्यातून जन्म १९४३ चा असेल आणि साठवणारा प्रोग्राम युद्धवेळ जाणणारा, पण दाखवणारा न जाणणारा असेल, तर मध्यरात्रीचे आदल्या रात्रीचे अकरा होतात. तारीख पुन्हा घसरते. दिवस हा दिवस म्हणूनच साठवावा, त्याला क्षणाचे रूप देऊ नये, हे इतके उघड आहे की ते वारंवार विसरले जाते.

चौथे दार रात्रीचे. ‘मंगळवारी रात्री दोनला’ असे घरातील वडीलधारे म्हणतात, तेव्हा घड्याळाच्या हिशेबाने बुधवार लागलेला असतो. आपला वार सूर्योदयाला सुरू होतो आणि तिथीही सूर्योदयाची धरली जाते. संगणकाचा दिवस मध्यरात्रीचा. पुण्यतिथीच्या नोंदींत हा गोंधळ जन्माहून अधिक आढळतो, कारण पुष्कळ माणसे पहाटेच्या आत जातात.

सूर्योदयाचा विषय निघाला म्हणून नवकारसीचा दाखला द्यावासा वाटतो. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर दोन घडी, अर्थात ४८ मिनिटे. वाशी त्र्याहत्तर अंश पूर्वेच्या लगत आहे. प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताहून साडेनऊ अंश पश्चिमेला. अंशामागे चार मिनिटे धरली, तर येथला सूर्य घड्याळाच्या अडतीस मिनिटे मागे चालतो. फोनवरच्या पच्चक्खाणाच्या कोष्टकात गाव म्हणून दिल्ली तशीच राहून गेली असेल, तर जानेवारीत काही बिघडत नाही. दोन्हीकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. मेच्या अखेरीस मात्र दिल्लीत तो साडेपाचच्या आधी वर येतो आणि वाशीत सहाला. त्या कोष्टकावर विसंबून पाणी घेणाऱ्या आजींची नवकारसी अर्ध्या तासाहून अधिक आधी पारली जाते. त्यांचा नियम किती वर्षांचा आहे, हे त्या यंत्राला ठाऊक नसते.

वस्तीपत्रकाकडे परत यावे. तेथे सर्वांत मोठा अन्याय रिकाम्या जागेमुळे होतो. अर्जातला जन्मतारखेचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून ज्यांची तारीख ठाऊक नाही त्यांना काहीतरी दिले जाते. महाराष्ट्रात त्यासाठी १ जून ही तारीख जुनी आणि प्रतिष्ठित आहे. शाळा जूनमध्ये उघडत आणि गुरुजी दाखल्यावर तीच लिहून मोकळे होत. एका पिढीचे निम्मे आजोबा १ जूनला जन्मल्यासारखे वाटतात ते यामुळे. कागदावर निदान सारे जाणून होते की ती तारीख सोयीची आहे. संगणकात ती इतर तारखांइतकीच खरी होऊन बसते, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाही त्याच दिवशी जातात.

म्हणून वस्तीपत्रक करणाऱ्यांनी तारखेच्या एका रकान्याऐवजी तीन-चार ठेवावेत. मूळ नोंद जशी आहे तशी, दंडासकट आणि तिथीसकट, एका रकान्यात. तिचे छायाचित्र सोबत. दुसऱ्यात इंग्रजी तारीख, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे न्यू जर्सी आणि वाशी यांत वाद उरत नाही. तिसऱ्यात हे वाचन कोणत्या प्रथेने केले: गुजराती की मारवाडी, कोणते घड्याळ. आणि तारीख ‘माहीत नाही’ असे लिहिण्याची मुभा. जागा स्वस्त आहे. चार रकान्यांनी कोणतेही यंत्र दमत नाही.

वहीत वार लिहिलेला असेल, तर निम्मे काम झाले. जुने मुनीम तिथीसोबत वार लिहीत, तो अलंकार म्हणून नव्हे. दोन वाचनांपैकी वाराशी जुळेल ते ठेवायचे आणि दुसरे सोडायचे, इतका तो उपयोगाचा असतो. वार नसेल, तर घरात विचारावे लागते. वरच्या नोंदीपुरता प्रश्न सोपा आहे. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत धरपकड सुरू झाली. मारवाडी वाचन खरे असेल, तर त्या दिवशी ही कन्या जेमतेम आठवड्याची होती आणि सुतक अजून फिटायचे होते; गुजराती वाचन खरे असेल, तर ती जन्मलीच नव्हती. बारशाच्या वेळी शहर बंद होते का, पाहुणे येऊ शकले का, हे तिच्या थोरल्या बहिणीला आठवत असेल. ती बहीण आता नव्वदीच्या घरात असणार. दुपारची सामायिक आटोपली, की तिला फोन करावा.