'कणा' : धडा नक्की कोणासाठी?

कुसुमाग्रजांची 'कणा' ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. २७ फेब्रुवारीला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर ती म्हटली जातेच. शेवट आला की टाळ्या पडतात आणि वक्ते सांगतात, "बघा, संकटात असं खंबीर राहावं, कोणापुढे हात पसरू नये." इथेच माझं अडतं.

मंडळी, कविता पुन्हा एकदा सावकाश वाचा. पुराने संसार नेलेला तो जुना विद्यार्थी सरांकडे येतो, तेव्हा खचलेला नाहीच. बायकोला बरोबर घेऊन तो भिंत उभी करतोय, चिखल काढतोय. धीर त्याच्याजवळ आधीपासूनच आहे. तो येतो, कारण त्याला एकटं वाटतं. म्हणजे ही कविता पूरग्रस्ताला केलेला उपदेश नव्हे. ती सरांना, पर्यायाने काठावर कोरड्या उभ्या असलेल्या आपल्याला, काहीतरी शिकवते आहे.

आणि पैसे नकोत, हे कोण म्हणतो? तो स्वतः. कधी? सरांचा हात खिशाकडे गेल्यावर! आपण मात्र खिशाला हात न लावताच पाठ थोपटून मोकळे होतो. नको म्हणण्याचा मान घेणाऱ्याचा आहे. देणाऱ्याने तो परस्पर वापरू नये.

आमच्या न्हावा शेव्याकडे हे फार जाणवतं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ साली बंदर सुरू झालं. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवला गेला. तिथली घरं पुढे वाळवीने पोखरली. या माणसांना लढायला कोणी शिकवावं लागलं नाही. त्यांना हवा होता हक्काचा मोबदला, आणि इतकी वर्षं खेटे घालताना कोणाची तरी सोबत. हक्क मागणाऱ्याला नुसतं 'कणा' ऐकवून परत पाठवणं हा माणसाचाही अपमान आणि कवितेचाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी दारात आलं, तर आधी आपला हात खिशाकडे जाऊ द्या. तो नको म्हणाला, तर त्याची पाठ आहेच.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.