अक्षरे दोन, अर्थ अनेक

शेजारच्या माईंचा नातू यंदा अमेरिकेत एम. एस. झाला. पेढे वाटता वाटता माईंनी साऱ्या इमारतीत सांगून टाकले की, आमचा नातू सर्जन झाला. तिसऱ्या मजल्यावरचे नाना तर आपल्या हर्नियाचे कागद पिशवीत घालून सल्ल्यासाठी हजर! संध्याकाळी नातवाचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. ‘‘अगं आजी, मी संगणकातला एम. एस. माझ्या हातात सुरी येते ती फक्त कांदा चिरायला.’’ माई हिरमुसल्या. ‘‘मग दुसऱ्याची अक्षरं कशाला लावायची म्हणते मी!’’ असे पुटपुटत त्यांनी पेढ्यांचा डबा बंद केला, आणि नाना पिशवी घेऊन परत गेले.

खरे म्हणजे माईंचे काही चुकले नव्हते. आपल्याकडे एम. एस. म्हणजे मास्टर ऑफ सर्जरी, अमेरिकेत मास्टर ऑफ सायन्स. पण एवढ्यावर थांबते तर कुठले? बडोद्याला जाऊन एम. एस. म्हणा, लोक तुम्हांला १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा रस्ता दाखवतील. लोखंडाच्या दुकानात म्हणा, दुकानदार विचारील, ‘‘पाइप की पत्रा?’’ त्याच्या लेखी एम. एस. म्हणजे माइल्ड स्टील. आणि सरकारी कागदांत एम. एस. म्हणजे मोटर स्पिरिट, तुमचेआमचे पेट्रोल!

बाजारातला घोटाळा दोन मिनिटांत निस्तरतो, कारण विचारायला समोर माणूस असतो. जिथे काटेकोरपणा हाच धर्म, त्या विद्वानांच्या जगात काय चालते ते पाहावे म्हटले, तर तिथेही तोच प्रकार.

जुन्या ग्रंथांच्या संग्रहालयात एम. एस. म्हणजे हस्तलिखित. लॅटिनमध्ये ‘मनू’ म्हणजे हाताने आणि ‘स्क्रिप्टस’ म्हणजे लिहिलेले. एकाहून अधिक हस्तलिखिते असली की शेवटचे अक्षर दोनदा लिहायचे, एम. एस. एस., झाले अनेकवचन. रसायनाच्या प्रयोगशाळेत मात्र एम. एस. म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री. पदार्थाच्या कणांना विद्युतभार द्यायचा, चुंबकाच्या किंवा विजेच्या क्षेत्रातून त्यांना पळवायचे, आणि कोणता कण किती वळतो त्यावरून हलका कोण, जड कोण, ते निवडायचे. धान्य पाखडावे तशी ही अणूंची पाखडणी. अशाच यंत्रावरील कामासाठी ॲस्टन यांना १९२२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना विचाराल तर ते तिसरेच सांगतील : एम. एस. म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ साली ज्याचे नीट वर्णन केले तो मेंदूचा आणि मज्जारज्जूचा आजार.

हे निरनिराळे एम. एस. आपापल्या खोलीत बसून असतात तोवर ठीक. पण कधी कधी ते एकाच टेबलावर येतात. पेशावरजवळच्या बख्शाली गावी १८८१ साली भूर्जपत्रावरची एक गणिताची पोथी सापडली. ती आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, आणि तिच्यावर ग्रंथालयाची खूण आहे ‘एम. एस. संस्कृत डी. १४’. या पोथीचे वय काढण्यासाठी तिच्या तीन पानांचे सूक्ष्म तुकडे तपासले गेले, आणि २०१७ साली निष्कर्ष जाहीर झाले. कार्बन मोजून वय काढण्याच्या या पद्धतीतही तीच मास स्पेक्ट्रोमेट्री! म्हणजे एका एम. एस.ने दुसऱ्या एम. एस.चे वय सांगितले. त्या वयावरून विद्वानांत वाद झाला तो निराळा, पण अक्षरांवरून झाला नाही. कारण कोण कशाला काय म्हणतो हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तिथली शिस्त पाहण्यासारखी आहे. देशभरच्या पोथ्या जमवल्या, आणि प्रत्येकीला अक्षराची खूण दिली. तिथे रोमन ‘एम’ म्हणजे मल्याळम लिपीतली पोथी, ‘डी’ म्हणजे देवनागरीतली, आणि ‘एस’ म्हणजे दक्षिणेकडची पाठपरंपरा. बाहेरच्या जगाचे अर्थ या दारात चालत नाहीत. पण कोणते अक्षर म्हणजे काय, त्याची किल्ली संपादकांनी ग्रंथातच छापून ठेवली. १९३३ साली आदिपर्व पुरे झाले तेव्हाचा वाचक आज हयात नसेल, तरी आजचा वाचक ते पान उघडतो आणि अडत नाही.

जिथे किल्ली जोडलेली नसते तिथे मात्र फसगत होते. आपल्या मराठेशाहीतल्या मोडी कागदांचेच घ्या. पत्राखाली ‘छ २१ रमजान’ असे दिसले की नवशिक्याच्या डोळ्यांपुढे छत्रपती उभे राहतात. आजच्या लेखनात ‘छ.’ म्हणजे छत्रपतीच ना! पण त्या कागदात ‘छ’ म्हणजे चंद्र. मुसलमानी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, म्हणून रमजानचा एकविसावा चंद्र, म्हणजे एकविसावी तारीख.

‘सु’ची गंमत तर याहून मोठी. आजच्या कोशांत एखाद्या सालामागे ‘सु.’ असले की त्याचा अर्थ ‘सुमारे’; साल नक्की नाही, लेखकाचा अंदाज आहे. जुन्या कागदात ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, आणि पुढे अरबी शब्दांत चक्क नेमके वर्ष. ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. त्यात ५९९ किंवा, जानेवारीपासूनचे महिने असतील तर, ६०० मिळवले की इसवी सन निघतो : १७६०-६१, पानिपतचे वर्ष! एकाच ‘सु’ने एक लेखक सांगतो ‘मला खात्री नाही’, आणि दुसरा सांगतो ‘हेच ते वर्ष’.

कोणी म्हणेल, तारीख चुकली तर चुकली, कोणाचा जीव तर जात नाही? तोही जाऊ शकतो. इंग्रजी औषधचिठ्ठीत एम. एस. म्हणजे मॉर्फिन सल्फेट, आणि मॅग्नेशियम सल्फेटलाही तशीच आद्याक्षरे. पहिले तीव्र वेदनांवरचे औषध, प्रमाण चुकले तर श्वास मंदावणारे. दुसरे गरोदरपणी रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवर देतात. रात्रपाळीच्या परिचारिकेने यातले कोणते उचलायचे? ही चूक अशी गंभीर की, अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी केली, तीत एम. एस.ला घातले. औषधाचे नाव पूर्णच लिहायचे, मग कितीही घाई असो.

हे सारे वाचत होतो, तोच घरात दिवाळीची झाडलोट निघाली आणि माळ्यावरून वडिलांची जमाखर्चाची वही खाली आली. अक्षर मोत्यासारखे. पानोपानी हिशेब चोख. आणि तीन वर्षे ओळीने दिवाळीच्या आदल्या दिवशी एकच नोंद : ‘वि. – दे. ३००’. त्या काळी तीनशे ही लहान रक्कम नव्हे. ‘दे.’ म्हणजे देणे की देणगी? वडील कोणाचे कर्ज फेडीत होते, की कोणाला गुपचूप मदत करीत होते? आणि हा किंवा ही ‘वि.’ कोण? विठूमामा म्हणावे, तर विमलआत्याही होती. जाणणारे कोणी उरले नाही. आत्याच्या मुलांना मी विचारले. त्यांनाही काही ठाऊक नाही. कर्ज असेल आणि ते पुरे फिटले नसेल, तर फेडायचे कोणाकडे?

वडिलांना दोष कसा द्यावा? त्यांनी ते स्वतःसाठी लिहिले होते, आणि त्यांना ते लख्ख समजत होते. संक्षेप करणाऱ्याला नेहमी वाटते की वाचणारा आपल्या शेजारीच बसला आहे.

पाडव्याला आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नवी वही निघेल. तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून झाले की त्याखाली चार ओळी आणखी लिहाव्यात : आपण कोणत्या अक्षराने काय म्हणतो ते. आमच्या घरी मी लिहायला घेतले, तेव्हा सौ.ने डोकावून पाहिले आणि विचारले, ‘‘यात ‘सौ.’ म्हणजे मी की सौदा?’’

मी निमूटपणे तिचे पूर्ण नाव लिहिले.