मक्त्याचा खेळ

दरवर्षी श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास अमेरिकेत ‘मॅडन एनएफएल’ या संगणकीय खेळाची नवी आवृत्ती बाजारात येते. नाव फुटबॉल असूनही प्रायः हातांनी खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा हा पडद्यावरील अवतार होय. मालिकेचा आरंभ १९८८ सालचा. ‘मॅडन एनएफएल २६’ ही आवृत्ती १४ ऑगस्ट २०२५ रोजी निघाली आणि तिची किंमत जवळजवळ ७० डॉलर ठेवण्यात आली. मंठाळ-बसवकल्याणच्या वाचकाने या उठाठेवीत का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. या सीमाभागातून परदेशी गेलेल्या कुटुंबांची नातवंडे असले खेळ मागतात, आणि त्यांचे इकडचे आतेमामेभाऊ मोबाइलवर क्रिकेटचे खेळ खेळतात. तिकडची विक्रीची रीत इकडे यावयास फार काळ लागत नाही. ती येण्यापूर्वीच तिचा न्यायनिवाडा झालेला बरा.

प्रथम गुण मान्य करू. नव्या आवृत्तीत संघाचे मार्गदर्शक आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, यांच्या वागण्यात त्यांच्या प्रत्यक्ष खेळाची लकब उतरविण्याचा यत्न केला आहे. हिमवर्षाव, पाऊस, धुके यांचा परिणाम खेळावर होतो. चित्रे डोळ्यांत भरण्याजोगी आहेत. कारागिरांच्या कौशल्याविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो ‘नवी’ या शब्दाशी.

सोलापूरचे दाते पंचांग आपल्यापैकी अनेकांच्या घरी दरवर्षी येते. गतवर्षीचे पंचांग यंदा चालत नाही, कारण तिथी-नक्षत्रे बदलतात. परंतु पंचांगकर्ता त्यास नवा ग्रंथ म्हणत नाही, आणि ग्रंथाचे मोलही मागत नाही. वर्षाचे गणित तो वर्षापुरत्या माफक किंमतीत देतो. मॅडनच्या वार्षिक आवृत्तीत निश्चितपणे बदलणारी गोष्ट म्हणजे खेळाडूंची यादी. कोण कोणत्या संघात गेला, कोण निवृत्त झाला, हे झाले त्या खेळाचे पंचांग. बाकीची सुधारणा कधी बरी, कधी नाममात्र. जुने दोष पुढल्या वर्षी तसेच राहतात, ही खेळणाऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. तरी किंमत मात्र अख्ख्या ग्रंथाची. त्यातही ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारात पदरचे पैसे घालून खेळाडूंचे पत्ते जमवावे, तर पुढील आवृत्तीत तो संघ बरोबर नेता येत नाही. पुन्हा शून्यापासून आरंभ. आणि कायद्याच्या भाषेत ग्राहकाने काही विकत घेतलेलेच नसते. त्यास मिळतो तो केवळ वापराचा परवाना.

हा खेळ प्रथमपासून असा नव्हता. ज्यांचे नाव त्यास मिळाले ते प्रशिक्षक जॉन मॅडन यांचे २०२१ साली निधन झाले. संगणकाची शक्ती अपुरी म्हणून प्रत्येक बाजूस कमी गडी ठेवावे, असे निर्मात्यांनी सुचविले, तेव्हा अकरा विरुद्ध अकरा नसेल तर तो फुटबॉलच नव्हे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यापायी खेळ वर्षानुवर्षे रखडला, पण खरा निघाला. मग हा आग्रह कोठे हरवला?

आमच्या मते त्याची तारीख सांगता येते. २००४ साली सेगा कंपनीने ‘ईएसपीएन एनएफएल टू के फाइव्ह’ हा प्रतिस्पर्धी खेळ सुमारे २० डॉलरांस बाजारात आणला. तो गुणांतही उणा नव्हता. मॅडनची निर्माती इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनी हादरली आणि तिने आपली किंमत सुमारे ५० डॉलरांवरून ३० वर आणली. ग्राहकाचे राज्य आले म्हणावे, तर ते एक हंगामच टिकले. डिसेंबर २००४ मध्ये त्या कंपनीने लीगशी आणि खेळाडूंच्या संघटनेशी करार करून खऱ्या संघांची व खेळाडूंची नावे असल्या खेळांत वापरण्याचा अनन्य हक्क मिळविला. प्रतिस्पर्ध्याचा खेळ हरला नाही. त्यास मैदानात येण्याचीच मनाई झाली. पुढल्या आवृत्तीची किंमत पुन्हा ५० डॉलरांपाशी पोहोचली.

याविरुद्ध ग्राहकांनी दावा गुदरला. २०१२ साली २ कोटी ७० लाख डॉलरांची तडजोड ठरली आणि महाविद्यालयीन फुटबॉलचा अनन्य करार काही वर्षे न करण्याचे कंपनीने कबूल केले. व्यावसायिक लीगचा मक्ता मात्र अबाधित राहिला. ग्राहकांस रोख भरपाई मिळाली, निवड मिळाली नाही.

प्रतिपक्ष म्हणेल, नाव ज्याचे त्याने ते हवे त्यास द्यावे. मालकी आम्हीही मानतो. पण जत्रेचे उदाहरण घ्या. देवस्थानची जागा देवस्थानचीच. तथापि नारळ विकण्याचा मक्ता लिलावात एकाच इसमास दिला, तर पहाटेपासून नारळाचा भाव कोण ठरवितो आणि नासका नारळ परत कोण घेतो, हे यात्रेकरूंस पुरते ठाऊक आहे. ‘घेऊ नका, सक्ती कोणाची आहे?’ असेही विचारले जाते. सक्ती नाही खरी. पण दुसरे दुकानही नाही. जेथे दुसरे दुकान नाही, तेथे गिऱ्हाइकाच्या खुशीची भाषा फसवी ठरते.

आता आपल्या घराकडे वळू. प्रसारणहक्क घेणाऱ्यास प्रतिस्पर्धी लीग होऊ देणार नाही, अशी हमी देण्याच्या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ साली क्रिकेट नियामक मंडळास ५२ कोटी २४ लाख रुपये दंड केला. २०१५ साली अपिलात तो आदेश रद्द झाला. २०१७ साली आयोगाने तेवढाच दंड पुन्हा ठोठावला. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने क्रिकेटपटूंच्या डिजिटल पत्त्यांच्या वादात अंतरिम मनाई नाकारली आणि खेळाडूंची नावे व आकडेवारी यांसारखी सार्वजनिक माहिती कोणा एकाच्या मालकीची नाही, अशा आशयाचे मत दिले. संघांची चिन्हे व बोधनामे यांची गोष्ट वेगळी, ती मालकांचीच. परंतु धावा आणि बळी हे साऱ्या प्रेक्षकांनी पाहिलेले सत्य आहे. हे तत्त्व आपण जपले, तर क्रिकेटचा असा मक्ता इकडे सहजी होणार नाही. ते निसटू दिले, तर आपल्या मुलांसही दरवर्षी तोच खेळ नव्या आकड्याने विकत घ्यावा लागेल.

म्हणून आमचे मागणे इतकेच. क्रीडासंस्थांनी नावांचा परवाना एकाहून अधिक निर्मात्यांस द्यावा. खेळाडूंची नवी यादी जुन्या खेळास माफक किंमतीची पुरवणी म्हणून मिळावी. आणि हे होईतो पालकांनी दर आवृत्ती न घेता दोन-तीन वर्षांआड एक घ्यावी. ‘मॅडन २६’ विषयी आमचा निकाल याहून निराळा नाही: ज्याच्यापाशी गतवर्षीची आवृत्ती आहे, त्याने ७० डॉलर खिशातच ठेवावे. मक्तेदारास विनंतीपत्रे पुष्कळ येतात आणि ती वाचली जात नाहीत. न खपलेल्या मालाचा हिशेब मात्र त्यास वाचावाच लागतो.