सरोवर सर्वांचे, म्हणजे कुणाचे?

‘सरोवर काही कुणाच्या मालकीचे नाही, मग आमच्या वॉटर स्कूटरलाच मज्जाव का?’ अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवरील ताहो सरोवराकाठी हा प्रश्न नव्वदच्या दशकात तावातावाने विचारला गेला. स्वातंत्र्याची भाषा कानाला गोड लागते. आम्हांस मात्र या प्रश्नातच लबाडी दिसते.

ताहो सुमारे ५०० मीटर खोल. काठावरच्या कित्येक वस्त्या पिण्याचे पाणी तेथूनच घेतात. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात ताजे इंधन आत येत असताना धूर बाहेर टाकणारे छिद्रही उघडे असते. त्यामुळे तेलमिश्रित पेट्रोलचा चौथा हिस्सासुद्धा न जळता थेट पाण्यात जाऊ शकतो. म्हणजे मौज एकाची आणि घोट दुसऱ्याच्या घशात! १९९७ साली तेथील प्रादेशिक नियोजन संस्थेने ठराव केला आणि १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदी झाली. धंदा बुडेल, पर्यटक पाठ फिरवतील, अशी ओरड झाली. झाले काय? कारखानदारांनी स्वच्छ इंजिने बाजारात आणली. स्कूटरी आजही ताहोवर फिरतात, पण किनाऱ्यापासून ६०० फुटांच्या आत त्यांना लाटा न उठवता संथच जावे लागते.

ताहोचे पाणी पूर्वीइतके नितळ राहिलेले नाही, हे खरे. पण त्याचे सारे खापर स्कूटरीवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. रस्ते व बांधकामांवरून वाहून येणारी सूक्ष्म धूळ आणि शेवाळ ही त्याची मोठी कारणे होत. न्याय्य पक्षाने खोट्या पुराव्याचा आधार घेऊ नये.

वॉशिंग्टन राज्यातील सॅन वान बेटांच्या काउंटीने तर १९९६ साली या वाहनांना सरसकट बंदीच केली. विरोधक न्यायालयात गेले. पाणी सार्वजनिक आहे, हाच त्यांचाही दावा. १९९८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. सार्वजनिक जलाच्या तत्त्वाचा आधार घेऊन त्याच जलाची हानी करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

वसईकरांना हा वाद परका वाटू नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती टँकरवाल्यांविरुद्ध उभी राहिली, ती पाण्यासाठीच. विहीर खाजगी, म्हणून उपसा मोकळा. सरोवर सार्वजनिक, म्हणून धुडगूस मोकळा. दोन्हींकडे तर्क उलटसुलट, पण तहानलेला शेजारी हिशेबात कुठेच नाही.

प्रभूने गालिलच्या सरोवरात होडीत बसून किनाऱ्यावरील लोकांना शिकवण दिली. शेजारून एखादी स्कूटर घरघरत गेली असती, तर पहिल्या रांगेलाही शब्द ऐकू आला नसता!

आपल्या जलाशयांवर आणि किनाऱ्यांवरही आता जलक्रीडेचे ठेके दिले जातात. ठेका देण्यापूर्वी इंजिन कोणते, किनाऱ्यापासून अंतर किती आणि दंड कोण वसूल करणार, हे ग्रामसभेपुढे लेखी आले पाहिजे. कोळ्याचे जाळे फाटल्यावर नियम शोधत बसणे आम्हांस मान्य नाही.