बॉस मागच्या सीटवर

लाँग वीकेण्ड जवळ आला की गुरुवारी दुपारी ऑफिसात एक ठरलेलं दृश्य दिसतं. समोर एक्सेल शीट आणि तिच्यामागे लपवलेल्या विंडोत महाबळेश्वरच्या हॉटेलांचे फोटो. मग प्लॅन शिजतो. पहाटे चारला निघायचं, दुपारी वेण्णा लेक, संध्याकाळी मुंबई पॉइंटचा सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी विल्सन पॉइंटचा सूर्योदय, मग आर्थर सीट, मग प्रतापगड. तिसऱ्या दिवशी टेबललँड, स्ट्रॉबेरी विथ क्रीम आणि घरी. प्लॅन एकदम सॉल्लिड!

फक्त एका माणसाला कुणी विचारलेलंच नसतं. त्याचं वय साडेतीन वर्षं, वजन चौदा किलो. सूर्योदयात त्याला काडीचा इंटरेस्ट नाही, आणि ट्रिप हिट जाणार की फ्लॉप, हे शंभर टक्के तोच ठरवणार आहे.

कॉलेजात असताना डोंगर म्हणजे चार बाइक, आठ टाळकी आणि जमेल तितके किलोमीटर. मुलं झाली तरी आपण हिशेब तोच लावतो, बाइकच्या जागी कार येते एवढंच. मंडळी, आता फंडा बदलायला हवा. मुलांबरोबरच्या घाटातल्या ट्रिपचा बॉस मागच्या सीटवर बसतो. आपण स्टिअरिंग धरायचं, वेग त्याने ठरवायचा. पुण्याहून सुमारे १२० किलोमीटरवरचं आपलं लाडकं महाबळेश्वरच घेऊ, म्हणजे हिशेब सोपा जाईल.

निघायचं कधी?

पहाटे चारला निघणं वाटतं भारी. पण आदल्या रात्री साडेअकरापर्यंत लॅपटॉपवर बसलेला बाबा चार तासांच्या झोपेवर हायवेला गाडी चालवणार, हा प्रकार काही कूल नाही. त्यापेक्षा आई-बाबा दोघांचीही नीट झोप होऊ द्या आणि सहाच्या सुमाराला निघा. मूल अर्धवट झोपेतच गाडीत जाईल आणि सरळ हायवेचा कंटाळवाणा भाग झोपेत पार पडेल. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वाईकडे वळलात की त्याला उठवा.

आणि वाईत थांबा. दहा मिनिटांचा ‘सूसू ब्रेक’ नव्हे, चांगला तासभर. कृष्णेचा घाट आहे, पाण्यात पाय सोडून बसता येतं. ढोल्या गणपती नुसत्या नावावरच मुलांना आवडतो, आणि मूर्तीही नावाप्रमाणेच भली थोरली. देवळाच्या मागच्या बाजूला न्या आणि भिंत दाखवा. ती माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी दोन बाजूंना कापलं जावं म्हणून. साडेतीन वर्षांच्या पोराला एवढं इंजिनीअरिंग पुरतं.

नाश्ता इथेच. मोठ्यांनी खुशाल मिसळ हाणावी. मुलांना इडली, पोळी, केळं असं साधं आणि थोडंसंच. पुढे घाट आहे.

पसरणी घाट आणि पोटातली गडबड

‘आई, पोटात कसंतरी होतंय!’ हे वाक्य पसरणीच्या तिसऱ्या वळणावर ज्याने ऐकलं नाही, तो पालक नव्हेच. वाई ते पाचगणी हे अंतर तेरा-एक किलोमीटरचं, आणि तेवढ्यात गाडी पाचशे मीटरहून जास्त चढते. वळणं मोजायला बसू नका.

गाडी लागते कशी? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते, आपण हलतोय, वळतोय. डोळे जर मोबाइलच्या स्क्रीनवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असतील, तर ते सांगतात, सगळं स्थिर आहे. दोन रिपोर्ट जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. ऑफिसात असं झालं की मीटिंग होते, पोटात असं झालं की उलटी. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यात जास्त. त्याआधी तो क्वचितच होतो, आणि मोठेपणी बहुतेकांचा कमी होतो.

उपाय त्यातूनच निघतो. वाई सुटली की मोबाइल आणि टॅब बंद. काच थोडी खाली, गार हवा आत. मुलाची नजर पुढे लांबवर, रस्त्यावर. ‘धोम धरणाचं पाणी कुणाला आधी दिसतं?’, ‘पुढच्या वळणावर माकड असणार की नाही?’, असले खेळ लावा. (माकडांना वेफर्स मात्र टाकू नका. एकदा सवय लागली की ती पुढच्या गाडीतल्या पोराच्या हातातला पुडा हिसकावतात.) आलेपाकाची वडी तोंडात टाकून बघायला हरकत नाही. औषध द्यायचंच असेल तर निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना वय आणि वजन सांगून विचारा. अशी बरीचशी औषधं घाट लागायच्या अर्धा-एक तास आधी द्यावी लागतात. पोट ढवळायला लागल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग नाही.

परतीच्या उतारावर कानात दडे बसतात. मोठं मूल जांभई देऊन ते मोकळे करतं, तान्ह्याला ते कळत नाही, म्हणून ते रडतं. गाडी बाजूला घेऊन त्याला पाजा. मोठ्याला घोट-घोट पाणी द्या. गिळण्याने कान सुटतात.

बॉसला स्वतःची खुर्ची हवी

आता जरा सीरियस. आपल्याकडे गाडीत मुलांची जागा ठरलेली. तान्हं असेल तर आईच्या मांडीवर, जरा मोठं झालं की पुढे बाबांच्या शेजारी, नाहीतर मागे दोन सीटच्या मधे उभं. आणि आजी बरोबर असली की ‘कशाला बांधून ठेवता गं लेकराला? दे माझ्याकडे!’

प्रेम शंभर टक्के खरं आहे, फिजिक्स पण खरं आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतला न बांधलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर जमिनीला टेकताना असतो तेवढा. या वेगात चौदा किलोचं मूल जगातली कुठलीच आई हातांनी धरून ठेवू शकत नाही. एकाच पट्ट्यात आई आणि मांडीवर मूल हे तर आणखी वाईट, कारण आईचं सगळं वजन त्या चिमुरड्यावर येतं.

म्हणून चाइल्ड सीट. तान्ह्यांसाठी मागे तोंड करून बसवायची, मग पुढे तोंड करून बसवायची, आणि नंतर गाडीचा नेहमीचा पट्टा खांद्यावर नीट बसेपर्यंत बूस्टर. निवडताना मुलाची उंची आणि वजन बघा. ती मागच्या सीटवर बसवा. मागे तोंड असलेली सीट पुढच्या चालू एअरबॅगसमोर कधीही नको, ती एअरबॅग उघडताना सीटलाच धडक देते. आपला कायदाही हेच म्हणतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आलं. त्यानुसार १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर एक हजार रुपये दंड आहे. भाड्याची गाडी केलीत तरी आपली सीट बरोबर न्या.

आणखी एक फायदा आहे. चाइल्ड सीटमध्ये मूल उंचावर बसतं, त्याला खिडकीतून बाहेर दिसतं. बाहेर दिसलं की गाडी कमी लागते. एका खुर्चीत दोन कामं!

सवय मात्र घाटात लागत नाही. आधी पंधरा दिवस भाजी आणायला जातानाही त्याला तिथेच बसवा. आणि आजीशी हा विषय घरीच काढा, गाडीत बसल्यावर नको. ‘अहो आई, तो त्याच्या खुर्चीत बसला की तुम्ही शेजारी बसून गोष्ट सांगा ना. तुमचं ऐकून तो शांत बसतो,’ असं म्हटलं की काम होतं. आजीला मांडीच्या बदल्यात पोस्ट मिळायला हवी.

स्टिअरिंगवाल्यासाठी दोन शब्द

मागे मूल असताना घाटात ओव्हरटेकचा रेकॉर्ड करायचा नसतो. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेकला हात नाही (म्हणजे पाय नाही!), बाहेर पडताना हळूच ॲक्सिलरेटर. मागच्या पोटाला हे लगेच कळतं. उतरताना खालचा गिअर ठेवा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या नादी लागू नका. सतत दाबून ब्रेक तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल किंवा ‘एल’ मोड कसा लावायचा ते निघण्याआधी शिकून घ्या. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता मॅनर्सचा भाग नाही, नियमच आहे.

पॉइंट कापा

आता त्या सॉल्लिड प्लॅनवर लाल पेन फिरवा. नियम एकच. सकाळी एक गोष्ट, संध्याकाळी एक गोष्ट, दुपारी झोप. मुक्काम दोन रात्री आणि एकाच हॉटेलात, रोज बॅगा भरणं नको.

पाचगणीत राहिलात तर पहिली संध्याकाळ टेबललँडवर घालवा. एवढं मोठं सपाट मैदान शहरातल्या पोराने बघितलेलंच नसतं. तिथे ‘बघण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न आपला, त्याला धावायला मिळालं की बास. कड्याच्या बाजूला मात्र हात घट्ट धरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिलार. स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ पासून देशातलं पहिलं ‘पुस्तकांचं गाव’ झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून ही कल्पना सुचली. इथे पुस्तकं लोकांच्या घरांत मांडलेली आहेत. आत जायचं, बसायचं, वाचायचं, पैसे नाहीत. बालसाहित्यही आहे. अनोळखी घराच्या पडवीत बसून आई मोठ्याने गोष्ट वाचतेय, हा ‘पॉइंट’ कुठल्याही गाइडच्या यादीत नसेल, पण तो चुकवू नका.

संध्याकाळी जुनं महाबळेश्वर. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचं पाणी एकत्र येऊन गोमुखातून पडतं. इथे मुलाला आठवण करून द्या, काल वाईला ज्या नदीत पाय बुडवले ती ही कृष्णा, आणि तिचा जन्म इथला. मूल जरा मोठं असेल तर पुढचंही सांगा. कृष्णा इथून निघून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते आणि सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते. भूगोलाचा अख्खा धडा, तोही ओंजळीत पाणी घेऊन.

प्रतापगड मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत थांबेल. साडेतीनशेहून जास्त वर्षं उभा आहे तो, आपल्यासाठी आणखी तीन वर्षं नक्की उभा राहील.

कधी जायचं?

ऑक्टोबरअखेर ते मार्च हा बेस्ट काळ. स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबरपासून पुढे. नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. गाड्यांच्या रांगेत दोन तास अडकलेलं मूल ही कुणाचीच सुट्टी नाही. सोमवार-मंगळवारची रजा मिळते का बघा. बालवाडीचे दोन दिवस बुडाले तर करिअर बुडत नाही.

पावसाळ्यात तिथलं धुकं रोमँटिक असतं, मान्य. पण जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि आंबेनळी घाटाची चाळण झाली होती. मुलं बरोबर असताना जुलै-ऑगस्टमध्ये हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट दिसला की बुकिंग सोडून द्या. पैसे जातील, जाऊ देत.

डिकीत नको, हाताशी ठेवा

- मुलाचे कपड्यांचे दोन जोड, आणि आईसाठीही एक टॉप (का ते कळेलच)
- जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओले रुमाल, जुना टॉवेल
- पाणी, केळी, खाकरा. चॉकलेट आणि तेलकट वेफर्स पाचगणीला पोचल्यावर
- कानटोपी आणि पातळ चादर. दुपारी ऊन असलं तरी संध्याकाळी गारठा असतो
- ओआरएसची पाकिटं, तापाचं नेहमीचं औषध, मुलांच्या डॉक्टरांचा नंबर
- एक आवडतं खेळणं. नवीन नको, जुनंच

‘बाबा, अजून किती लांब?’ या प्रश्नाला किलोमीटरमध्ये उत्तर देऊ नका, ‘चार गाणी’ असं सांगा. चार गाणी संपली आणि घाट उरलाच, तर पाचवं तुम्ही म्हणा. बेसूर चालेल.

ट्रिपचं अप्रेझल घरी पोचल्यावर होतं. गाडीतून उतरता उतरता मागून ‘परत कधी जायचं?’ असा आवाज आला, तर समजा रेटिंग एकदम आउटस्टँडिंग!